काळ्या लोकरीची तीट

माझं शिक्षण कुणामुळं झालं असं कुणी विचारलं, की मी निंगव्वाचं नाव घेतो. विचारणारा थोडा गोंधळतो. त्याला एखाद्या मास्तरांचं नाव हवं असतं, नाहीतर एखाद्या बोर्डिंगचं. मास्तर मला चांगले मिळाले, ते मी नाकारत नाही. पण मास्तरांसमोर बसायला आधी शाळेत राहावं लागतं, आणि मी शाळेत राहिलो तो निंगव्वामुळं. ती स्वतः शाळेची पायरी कधी चढली नव्हती. जतकडच्या एका खेड्यातली, घरात कानडी बोलणाऱ्या आणि मेंढरं राखणाऱ्या कुटुंबातली ती मुलगी. साताऱ्यात आमच्या बोळाच्या पलीकडच्या अंगाला राहायची. काही काळ, तसा फार थोडा काळ, आम्ही दोघं मिळून तान्ह्या मुलांची दुपटी शिवत होतो. माझी नातवंडं हे ऐकून हसतात. आजोबा आणि सुई-दोरा, हे त्यांच्या डोळ्यांपुढं येत नाही.

आमचं गाव पलूसच्या बाजूचं. वडील आणि चुलते मिळून शेती करत. घरात माणसं पुष्कळ, पण अक्षर ओळखणारं कुणी नाही. गावची शाळा जिथं संपत होती तिथंच माझं शिकणंही संपायचं. पण आईची धाकटी बहीण साताऱ्याला दिलेली होती, आणि तिची मुलं जगत नव्हती. एकदा ती गावच्या जत्रेला आली असताना आईला म्हणाली, "तुला देवानं ओंजळ भरून दिलीया. त्यातला ह्यो एक मला दे. मी शिकवते त्याला." असा मी मावशीकडं आलो. निघताना आईनं पिशवीत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा भरून दिल्या. वडील स्टेशनापर्यंत आले आणि गाडी हलल्यावर वळून चालायला लागले. त्या शेंगा मी पुष्कळ दिवस पुरवून खाल्ल्या. शेवटची मूठ राहिली ती खाल्लीच नाही. तिला कीड लागली तेव्हा मावशीनं ती बाहेर टाकली.

मावशीचं घर लहान होतं. पुढं ओटा, मागं दोन खोल्या, परसात एक पेरूचं झाड आणि घराच्या डोक्यावर अजिंक्यताऱ्याची सावली. काका कचेरीत पट्टेवाले होते. माणूस भला, पण घरी आले की पगडी खुंटीला अडकवावी तसे शब्दही अडकवून ठेवायचे. मावशीच्या सासूबाईंना सगळा बोळ जिजी म्हणायचा. जिजीचा अडकित्ता दिवसभर कटकट वाजायचा आणि घरात तेवढाच आवाज असायचा. मावशी माझ्यावर माया करायची, पण ती माया मुकी होती. ताटात भाकरी वाढताना तिचा हात क्षणभर थांबायचा आणि मग ती वरची, जरा जास्त फुगलेली भाकरी मला घालायची. मेथीची भाजी, ताकाची कढी, कधी हुलग्याचं माडगं. जेवताना चौघांचे चावण्याचे आवाज ऐकू येत. आमच्या गावच्या घरात दहा तोंडं एकाच वेळी बोलत असायची. सुरुवातीचे दिवस मला त्या शांततेतच घास गिळता यायचा नाही.

शाळेतही तीच गत. मी "व्हय" म्हटलं की मागच्या बाकावरून "व्हय व्हय" असा प्रतिध्वनी यायचा. "आमी" म्हटलं की पेठेतली पोरं एकमेकांना कोपर मारायची. गुरुजी रागावायचे नाहीत, पण तेही गालात हसायचे. मग मी बोलणंच सोडलं. विचारलं तर पुस्तकातल्या भाषेत तेवढ्यास तेवढं उत्तर द्यायचं, बाकी गप्प. असे दिवस जायचे की संध्याकाळी माझाच आवाज मला अनोळखी वाटायचा. कधी कधी मी शाळेतून परतताना वाट वाकडी करून विहिरीशी जायचो आणि आत तोंड घालून आमच्या बैलांची नावं घ्यायचो. विहीर ती परत म्हणायची. एवढंच माझं बोलणं.

बोळाच्या पलीकडं घोंगड्यांचं दुकान होतं. तिथं चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास कायम भरलेला असायचा. नवं घोंगडं खळ देऊन ताणून वाळवत, त्याचा तो वास. मला तो आवडायचा, कारण आमच्या गावच्या धनगरांच्या अंगाला तोच वास येई. दुकानदाराचा धाकटा भाऊ पलटणीत होता आणि लढाईवर गेलेला होता. जाताना त्यानं नवी बायको थोरल्या भावाच्या घरी ठेवली होती. ती निंगव्वा. तिची जाऊ तिच्याशी कामापुरतं बोलायची, आणि बोळातल्या बायका तिला "ती कानडी" म्हणायच्या. दुपारची कामं आटोपली की ती मागच्या पडवीत जुनेर पसरून वाकळा शिवत बसायची.

एके दिवशी शाळेतून येताना माझं दप्तर फाटलं आणि पुस्तकं बोळात सांडली. ती मी गोळा करत असताना पडवीतून हाक आली. "ए तम्मा. हिकडं आण ती झोळी." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, हे मला नंतर कळलं. तिनं दप्तर उलटं केलं, भोकाच्या आत लुगड्याचा तुकडा घातला आणि असा बारीक धावदोरा घातला की मी बघतच राहिलो. मी तिला वहिनी म्हटलं. ती म्हणाली, "वैनी नगं. वैनी म्हटलं की काम सांगत्यात. अक्का म्हण."

मी म्हटलं, "अक्का, मला शिकवशील?"

"काय शिकतोस? पोरगं हाइस तू."

"आमच्या गावची धनगरं घोंगडी शिवत्यात की. पुरुष माणसंच शिवत्यात."

यावर ती मोठ्यानं हसली, आणि माझ्या लक्षात आलं की मी पुस्तकी न बोलता आमच्या घरचं बोललो होतो आणि कुणी कोपर मारलं नव्हतं. तिनं मला सुई दिली.

त्यानंतर माझ्या दुपारी पडवीत जाऊ लागल्या. लढाईमुळं कापड कंट्रोलवर गेलेलं, नवा दोरा मिळायचा नाही. म्हणून ती फाटक्या लुगड्यांच्या काठातले रंगीत दोरे उपसून घ्यायची. हे काम माझ्याकडं आलं. हिरवा, कुसुंबी, हळदीसारखा पिवळा, असे दोरे काढून मी काडीवर गुंडाळत असे. दुपट्यासाठी सगळ्यात मऊ, विरत आलेलं जुनेर लागतं. त्याचे थर एकावर एक घालायचे, मोठ्या टाक्यांनी बसवून घ्यायचे, आणि मग कडेपासून आत आत, चौकोनात चौकोन असे धावदोरे घालत यायचे. मध्ये कोपऱ्यात एखादं फूल, एखादी तुळस, एखादी चांदणी साखळीटाक्यानं काढायची. निंगव्वा दुपट्याला कौदी म्हणायची. शेवटची बाजू बंद करण्यापूर्वी ती भाकरीचा एक बारीक तुकडा आत सरकवायची आणि मगच टाका मारायची. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिची बी होटी भरायला नगं? उपाशी कौदी ऊब देत न्हाई." होटी म्हणजे पोट. मला हे इतकं पटलं की आजही घरात कुणी गोधडी शिवायला टाकली, तर ती कोरडीच बंद होणार या विचारानं मी थोडा अस्वस्थ होतो.

तिच्याकडून सुई घेतली तशी मी तिला अक्षरं दिली. तिला नवऱ्याचा कागद आला की दुकानात येणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागे, आणि वाचणारा माणूस सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा वाचायचा. मी खडूनं कापडावर अक्षर काढायचो आणि ती त्यावरून टाके घालायची. अशी तिची सगळी बाराखडी सुईतून गेली. जोडाक्षरं मात्र राहून गेली. एकच तिनं हट्टानं शिकून घेतलं होतं, अक्कामधलं. "ते माझं हाय," असं म्हणायची.

आम्ही फार बोलायचो असं नाही. ती तिच्या गावच्या माळाबद्दल सांगायची. पाऊस नाही, झाड नाही, पण रात्री चांदण्या इतक्या की मेंढरं मोजायला कंदील लागत नाही. "हितं डोंगार मधी येतंय," ती अजिंक्यताऱ्याकडं बघून तक्रार करायची. मी आमच्या बैलांबद्दल सांगायचो. दोघांनाही समोरच्याचं गाव माहीत नव्हतं, आणि दोघांनाही ते बघावंसं वाटायचं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, आमच्या मैत्रीत सगळ्यात मोठी गोष्ट ही होती की दोघांचंही त्या बोळात दुसरं कुणी नव्हतं.

मग मावशीला दिवस गेले. घरात कुणी ते उघड बोलेना. मूल यायच्या आधी तयारी करायची नाही, असा रिवाज, आणि ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं तर नावही काढायचं नाही. पण जिजीनं मनाशी सगळं ठरवलं होतं. अशा मुलासाठी घरचं कापड चालत नाही. लेकुरवाळ्या बायकांच्या घरून चिंध्या मागून आणायच्या, त्यांचं दुपटं परक्या हातानं शिवून घ्यायचं आणि मुलाला त्यात गुंडाळायचं. म्हणजे हे मूल आमचं नाहीच, मागून आणलेलं आहे, असं दैवाला वाटतं. चिंध्या मागायला मी, कारण मी घरचाही आणि नाहीही. शिवायला निंगव्वा. "परकी हाय, बरीच हाय," जिजी म्हणाली.

मी झोळी घेऊन दारोदार उभा राहिलो. काय म्हणायचं ते जिजीनं पढवलं होतं: "मागितलेलं लेकरू हाय, चिंधी वाढा." कापडाची इतकी टंचाई की बायका चिंधीसुद्धा हातात धरून दोनदा बघत, आणि मग मावशीचं नाव कळलं की आतून दुसरी, जरा बरी चिंधी आणत. एका दारात माझ्या वर्गातला मुलगा निघाला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव "चिंध्या" पडलं. "ए चिंध्या, तुझी भाकरीची झोळी कुठाय?" पण झोळी भरली होती, आणि ती मावशीसाठी होती.

त्याच सुमारास एका सकाळी मी परसात तोंड धूत असताना आत जिजी काकांशी बोलत होती. "सुखरूप झालं म्हंजी पोराला गावाकडं धाडून दे. घरचं आल्यावर भायेरचं कशाला?" काका म्हणाले, "बघू. उन्हाळ्यात." मी तोंड पुसलं आणि शाळेला गेलो. त्या दिवशी भूगोलाचा तास होता, आणि मी नकाशावर पलूस शोधत बसलो. ते नकाशात नव्हतं. गावी परतायला मला आनंद व्हायला हवा होता. पण परत गेलो की शाळा संपली, हे मला पक्कं माहीत होतं. आई जवळ असेल आणि पुस्तक नसेल. दोन्हीपैकी एक धरावं तर दुसरं सुटत होतं, आणि हे सांगायला मला पडवीशिवाय जागा नव्हती.

निंगव्वानं सगळं ऐकून घेतलं. सुई केसांत घासली आणि म्हणाली, "जायचंच असंल तर तुझं काय तरी हितं ठेवून जा. ह्या कौदीवर तुझ्या हातानं काढ."

चित्रकलेच्या तासाला मला एकच चित्र बरं यायचं, पोपट. मी खडूनं पोपट काढला, चोचीत आंब्याचं पान. हिरवा दोरा कमी पडू नये म्हणून तिनं स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याच्या काठातून थोडा उपसून दिला. आठवडेच्या आठवडे मी त्या पोपटावर बसलो. एकेक पीस वेगळं दिसेल असे टाके घातले. पोपटाचा डोळा तिनं घातला, कारण डोळा चुकला तर सगळं चुकतं. शेवटी भाकरीचा तुकडा आत सारून आम्ही ते दुपटं बंद केलं. बोळात एवढं देखणं दुपटं कुणी शिवलं नसेल. आमची चूक नेमकी तीच होती. असं मागितलेल्या लेकराचं दुपटं मुद्दाम ओबडधोबड शिवायचं असतं, बघणाऱ्याची नजर त्यावर ठरू नये म्हणून. साताऱ्यात हे कुणी कुणाला सांगत नसे, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. निंगव्वाच्या माळावर मात्र बाळाची कौदी जेवढी देखणी तेवढी चांगली. आणि मी तर काय, शाळकरी पोरगा.

थंडीत मावशीला मुलगा झाला. घरात ओव्याचा आणि शेगडीचा वास भरला, खोबऱ्याची वाटी आणि खारका उघड्या दिसू लागल्या, आणि जिजीचा अडकित्ता कधी नव्हे तो थांबला. पाचवीच्या दिवशी पूजेला बोळातल्या बायका जमल्या. निंगव्वा दुपटं घेऊन आली, जिजीनं ते सगळ्यांपुढं उलगडलं, आणि बायका एकदम गप्प झाल्या. मला आधी वाटलं, त्यांना ते फार आवडलं.

जिजीनं दुपट्याची घडी केली आणि कोनाड्यात टाकली. "ह्ये राजाच्या लेकराचं झालं," एवढंच म्हणाली. पूजा तशीच उरकली. आणि दुपार उलटायच्या आत बाळाचं अंग तापलं. ते दूध घेईना. सुईण आली, लसूण-तेल झालं, धुरी झाली, तरी ते नुसतं कण्हत राहिलं. बायका परत ओट्यावर जमल्या, आणि त्यातली एक जण म्हणाली की या पोराला गावी धाडायचं ठरलं होतं म्हणे. तिनं पुढं काही म्हटलं नाही. मी दुपारभर त्या पडवीत सुई घेऊन बसतो, हे जिजीच्या कानावर होतं. ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"जागा चालली म्हून केलंस न्हवं? घरात घास खाऊन घराच्याच मुळावर उठलास."

मला आधी ती कशाबद्दल बोलतेय तेच समजलं नाही. समजलं तेव्हा मी काकांकडं बघितलं. ते दारात उभे होते. त्यांनी हळू विचारलं, "सदा, पोपट कुणी काढला?"

"मी काढला," मी म्हटलं.

काकांनी डोळे मिटले. म्हणाले, सकाळच्या गाडीनं याला पोचवून येतो. उन्हाळ्याची वाट बघण्यात आता अर्थ नाही. ते हे रागानं बोलले नाहीत, दमलेला माणूस ओझं उतरवतो तसे बोलले. त्या क्षणी माझी शाळा संपलेली होती.

निंगव्वा ओट्याच्या पायरीशी उभी होती. ती वर आली. "पोपट त्येनं न्हाई काढलं," ती म्हणाली. "मी काढलं. त्येला सुई तरी धरता येतीया का? दोरा बी माझ्या लुगड्याचा हाय, बघा काठ."

"अक्का, तू नाही, मी..." असं मी म्हणालो, पण तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि बायकांना तिचंच खरं वाटलं. मुलगा कुठं असा साखळीटाका घालतो? शिवाय परकीनं केलं हे सगळ्यांना सोयीचं होतं.

मग तिनं कोनाड्यातून दुपटं घेतलं. दुकानातल्या घोंगड्याची काळी लोकर तिच्या पदराला नेहमी चिकटलेली असायची. तिनं ती बोटांत वळली, केसांतली सुई काढली आणि ओट्यावर बसून, सगळ्यांच्या देखत, पोपटाच्या गालावर एक जाड काळी गाठ घातली. मग आणखी एक, आणि तिच्यावर आणखी एक. माझा इतक्या दिवसांचा पोपट बघता बघता कुरूप झाला. "तीट लावली," ती म्हणाली. "आता डोळा लागंल तो ह्या पक्ष्याला लागंल. लेकराला न्हाई."

तेवढ्यात बाळंतिणीच्या खोलीतून मावशीचा आवाज आला. इतक्या महिन्यांत तिला सासूपुढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"आना त्ये हिकडं. आनि सदाला कुटं बी धाडायचं न्हाई. ज्याच्या पायगुनानं ह्यो आला, त्येलाच घालवताय व्हय?"

दुपटं आत गेलं. बाळाला त्यात गुंडाळलं. ताप त्या रात्री उतरला नाही. तो त्याच्या वेळेनं, एक-दोन दिवसांनी उतरला. मी शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, आणि पोपटामुळं ताप आला नाही तसा तिटेमुळं गेलाही नाही, हे मला कळतं. पण माझा मावसभाऊ भिकाजी जगला, आणि आता तोही पेन्शनीत निघालाय. तो म्हणतो, त्याला लहानपणची सगळ्यात जुनी आठवण म्हणजे तोंडात धरलेला लोकरीचा एक कडक गोळा.

मी राहिलो. निंगव्वाला मात्र आमच्या घराची पायरी बंद झाली. कुणावर तरी दोष ठेवायचा होता आणि तो तिनं स्वतः उचलून घेतला होता. बोळातलं बोलणं तिच्या जावेपर्यंत गेलं. मिसरूड फुटायला आलेल्या पोराबरोबर पडवीत बसायचं नाही, असं तिच्या दिरानं बजावलं. मी दोनदा पडवीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा तिनं मान हलवून मला परत पाठवलं. बोळ इतका अरुंद की हात लांब केला तर पलीकडची भिंत लागेल, आणि त्या बोळाच्या अलीकडं मी शाळेची पुढची वर्षं काढली. घरात आता बाळाचं रडणं होतं, जिजी अंगाई म्हणायची, काकासुद्धा बोलू लागले होते. जिजीनं मला पुन्हा वावगा शब्द काढला नाही. उलट भिकाला मांडीवर घेऊन माझ्याकडं बघून "ह्यो तुझा दादा" असं त्याला सांगायची. घर भरलं होतं. पण दुपार झाली की माझ्या बोटांना काम नसायचं, आणि मी त्यांच्याकडं बघत बसायचो.

एकदाच तिचा निरोप आला. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी तिनं एक जुनी कौदी धुऊन आमच्या बाजूच्या दोरीवर टाकली होती, आणि तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं दोनच अक्षरं होती: पास. पुढं प्रश्नचिन्ह नव्हतं, ते मी तिला शिकवलंच नव्हतं. मी खिडकीतून मान हलवली. ती पडवीच्या अंधारात होती, तिला दिसलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी दोरी रिकामी होती.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी तिचा नवरा परत आला, एक पाय आखडलेला. तो तिला घेऊन जतकडं गेला. त्या दिवशी मी शाळेत होतो. आलो तेव्हा पडवीत जुनेराचा कपटा नव्हता, फक्त खळीचा वास होता. मी थोडा वेळ तिथं बसलो. जावेनं आतून विचारलं, "काय पायजे रं?" मी म्हटलं, काही नाही.

पुढं मॅट्रिक झालो आणि काकांनीच मला सांगलीला कॉलेजात घातलं. सांगलीत कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी खूप गर्दी असे, हळदीच्या पेठेत तर चालायला वाट नसे, आणि तरी त्या गावात मी साताऱ्यापेक्षाही एकटा होतो. खोलीतली मुलं चांगल्या घरची, त्यांचे वडील वकील, मामलेदार. त्यांच्या घरून पत्रं यायची. माझ्या घरी पत्र लिहिणारं कुणी नव्हतं आणि वाचणारंही. सुट्टीत मी गावी जायचो तेव्हा वडील मला पाहुण्यासारखं वागवायचे, मी बसलो तर आधी घोंगडं अंथरायचे. शिकल्यानं माणूस घरापासून किती लांब जातो, हे मला तेव्हा नीट समजलं, आणि त्याबद्दल कुणाशी बोलावं तर ते समजेल असं एकच माणूस होतं.

बी. ए.चा निकाल लागला तेव्हा मुलं पेढे आणायला गेली, तार करायला गेली. मी खोलीत बसून तिला पत्र लिहिलं. तिला जोडाक्षरं येत नव्हती, म्हणून एकही येणार नाही असं लिहायचं ठरवलं, फक्त तिचं एक सोडून. तो कागद मी इतक्या वेळा खोडून लिहिला की आजही तो मला तोंडपाठ आहे. सांगलीच्या बाजारात जतचे घोंगडीवाले येत. त्यातल्या तिच्या गावच्या एकाजवळ तो दिला. पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं की बाईंनी हात पुसून कागद घेतला आणि त्या आत गेल्या, तो थांबला नाही. उत्तर आलं नाही, आणि मी जतला गेलो तो फार उशिरा, तेव्हा तिथं तिचं कुणी उरलं नव्हतं. पत्र असं होतं:

अक्का,

मी सदा. सांगलीहून लिहितो. हा कागद तुला वाचता यावा असा लिहिला आहे. कुणाला वाचायला देऊ नको.

आज निकाल लागला. मी बी. ए. पास झालो. माझे वडील शाळेत कधी गेले नाहीत. आई तर नाहीच. मी गेलो, कारण तू पोपट तुझा आहे असं सांगितलंस. तो मी काढला होता. हे आपण दोघंच जाणतो.

भिका आता शाळेत जातो. मावशी बरी आहे. जिजी वारली. शेवटी तिला थंडी फार वाजायची. भिकाचं दुपटं ती पायावर घेऊन बसायची. आता ते फाटलं. पोपट गेला. काळी लोकर तेवढी राहिली आहे.

मला सुई अजून येते. खोलीतली मुलं बाहेर गेली की मी शिवत बसतो. बाकी बोलायला कुणी नाही. तुझं काय? तुला मूल झालं का? कौदी शिवतेस का? तुमचा माळ मी अजून पाहिला नाही.

तू उपाशी राहू नको.

तुझा
सदाशिव, बी. ए.

ता. क. नावापुढे काळा डाग दिसेल. शाई सांडलेली नाही. तो मी लावला आहे.